पाषाणाखालील जीव

जीव हा बद्धमुक्त आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त आणि जीव तेवढा बद्धमुक्त. म्हणजे आज बद्ध, परंतु मुक्त होण्यास योग्य. ही मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील ‘योग्य’ या शब्दाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. योग्यता म्हणजे जे आज दिसत नाही, परंतु असते ते. दिसत असते तर तिला योग्यता न म्हणता सिद्धी म्हटले असते. आणि मुळात नसतीच, तर ब्रह्मविद्येचा उपदेश कोणाला व कशासाठी करावयाचा होता? सबंध शास्त्राचा डोलारा असा एका न दिसणाऱ्या गोष्टीवर उभा आहे. प्रश्न इतकाच की, ती न दिसणारी गोष्ट समोरच्या माणसाच्या ठिकाणी आहे असे धरून आपण त्याच्याशी कधी वागतो काय? निरूपणास बसलो असता जी योग्यता आपण जीवमात्राला देतो, ती व्यवहारात किती जणांना नाकारतो? प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे. तो लिहिण्याचा माझा अधिकार किती, हे वाचकांना पुढे कळून येईलच.

मी मेढ्याचा रहिवासी. मेढा हे जावळी तालुक्याचे ठाणे, वेण्णेच्या काठचे. गावाच्या दक्षिणेस डोंगर चढून कुसुंबीच्या बाजूने वर गेले की कासचे पठार लागते. २०१२ साली युनेस्कोने सह्याद्रीच्या रांगेतील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत हे पठार आहे. तेव्हापासून भाद्रपद-आश्विनात तेथे माणसांची व मोटारींची एवढी दाटी होते की फुले कमी व माणसे अधिक दिसतात. त्या गर्दीला दोष देण्याचे मला कारण नाही. सुंदर ते पाहावेसे वाटणे हा मनुष्याचा धर्म आहे. माझे सांगणे निराळे आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी हे पठार एकदा चैत्र-वैशाखात पाहावे. जांभ्याचा उघडा, करपलेला कातळ मैलोगणती पसरलेला असतो. त्यावर माती असलीच तर बोटभर जाडीची. गुरेही तेथे रेंगाळत नाहीत. त्या वेळी एखाद्या परक्या माणसाला तेथे उभे करून, ‘येथे सपुष्प वनस्पतींच्या शेकडो जाती आहेत,’ असे सांगितले, तर तो आपल्याला वेड्यात काढील. त्याची चूक म्हणता येणार नाही, कारण डोळ्यांना जे दिसते तेच तो बोलत असतो.

याच पठारावरच्या उथळ डबक्यांत वायतुरा नावाची एक वनस्पती उगवते. पाण्याच्या वर तिचा गुलाबी-जांभळट तुरा येतो आणि तो टोकाशी इंग्रजी वाय या अक्षरासारखा दुभंगलेला असतो, म्हणून हे नाव. पावसाळा सरला, डबकी आटली की वायतुऱ्याचे पान व फूल नाहीसे होते. चिखलात उरतो तो फक्त कंद, तोही मातीसारखाच. या वनस्पतीची स्वतंत्र जाती म्हणून वनस्पतिशास्त्रात पहिली नोंद झाली ती १९८२ साली. जातीच्या शास्त्रीय नावात सातारा हे नाव गोवले आहे. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले ते १९६९ साली. म्हणजे चंद्रावर जाऊन माघारी आल्यावरही तेरा वर्षे आमच्या उशाशी असलेले हे फूल विद्वानांच्या वहीत नव्हते. गुराख्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या पाहिले असणार. परंतु त्यांना कोणी विचारले नव्हते.

दुसरे उदाहरण टोपली कारवीचे. उलट्या ठेवलेल्या टोपलीसारखे तिचे झुडूप पठारावर दर वर्षी दिसते, मात्र फूल येते ते सुमारे सात वर्षांनी एकदा, आणि मग सगळे पठार एकदम निळे-जांभळे होते. सलग पाच-सहा वर्षे दर श्रावणात येऊन ज्याने कारवीची पाहणी केली, तो प्रामाणिकपणे असाच अहवाल देईल की या झाडाला फूल येत नाही. आमच्या शाळांतून दर वर्षी परीक्षा होते. मी जन्मभर त्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, आणि कारवी दर वर्षी पाहिली. या दोहोंचा संबंध मात्र फार उशिरा माझ्या ध्यानी आला.

आता जरा खोल उतरू. जावळीच्या पश्चिमेस बामणोली-तापोळ्यापर्यंत कोयनेचा शिवसागर पसरला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा जो भूकंप झाला, तो आमच्या पिढीतील कोणी विसरलेला नाही. जलाशय आणि भूकंप यांचा संबंध काय, याचा शोध घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी पुढे कोयना खोऱ्यात अनेक खोल छिद्रे पाडली; २०१७ साली त्यांतील एक सुमारे तीन किलोमीटर खोल गेले. या कामासाठी कराड येथे केंद्र शासनाची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. खाली काय लागले? आधी सह्याद्रीचा आपला काळा पाषाण, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, किलोमीटरहून अधिक जाडीचा. आणि त्याच्या खाली त्याहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइट. तेथे प्रकाश नाही, वारा नाही, अन्न म्हणावे असे काही नाही. वरच्या खडकाचा भार आणि खोलीबरोबर वाढत जाणारी उष्णता तेवढी आहे. भूकंपाचे कारण शोधण्यासाठी वर काढलेल्या त्या खडकाचे नमुने खरगपूरच्या आय. आय. टी.तील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा त्यांत जिवाणूंचे अस्तित्व आढळून आले. सूर्याशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही, खडक व पाणी यांच्यातील रासायनिक घडामोडींतून मिळेल तेवढ्यावर जे निभावतात, असे जीव. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ, सूर्याचा किरण कधीही न पोचणाऱ्या समुद्रतळावर, उष्ण झऱ्यांभोवती जीवसृष्टीची दाटी आढळली, तेव्हाही जगाला असाच धक्का बसला होता. जीवसृष्टी कोठवर आहे, याची आपण आखलेली सीमा ही वस्तुतः आपल्या पाहण्याची सीमा होती.

या प्रकारच्या संशोधनात एक मोठी अडचण असते, आणि ती मला स्वतः शोधाहूनही अधिक उद्बोधक वाटते. छिद्र पाडताना यंत्राचे पाते थंड राहावे म्हणून वरून द्रव सोडावा लागतो. त्या द्रवाबरोबर पृष्ठभागावरचे जंतू खाली जातात. म्हणून वर आलेल्या खडकात जंतू सापडले, तरी ते खडकाचे की आपणच खाली नेलेले, याची शहानिशा करावी लागते. खडकाचा बाहेरचा भाग टाकून आतला गाभा तपासावा लागतो आणि सोडलेल्या द्रवातील जंतूंशी त्याची तुलना करावी लागते.

दृष्टांत झाला, आता दार्ष्टांतिक.

माणसात सुप्त शक्ती आहे, ती जागी करा, असा घोष हल्ली सर्वत्र ऐकू येतो. त्यासाठी शिबिरे भरतात, शुल्क आकारले जाते, टाळ्या वाजतात. या सर्वांत काही लोकांचे भले होत असेल. नाही असे मी म्हणत नाही. तरी तेथे जे सापडते ते बहुधा वरून सोडलेल्या द्रवातले असते. बापाला मुलाच्या ठिकाणी इंजिनिअर सापडतो. तो मुलाच्या गाभ्यातला की बापाच्या मनातून खाली उतरलेला, याची तुलना कोणी करीत नाही. गुरूला शिष्यात आपलेच प्रतिबिंब सापडते आणि तो प्रसन्न होतो. असे ‘सापडणे’ हा समोरच्या माणसाचा शोध नव्हे. त्याचे जे खरे ते अशा वेळी अधिकच गाडले जाते.

येथे कोणी विचारील : जे दिसत नाही ते आहे म्हणावयाचे, आणि जे सापडले त्यावरही संशय घ्यावयाचा, तर मग निर्णय तरी कशाच्या आधारे करावा? शंका रास्त आहे. आपल्याकडील जुन्या तर्कशास्त्रात याचा विचार झालेला आहे. एखादी वस्तू न दिसणे म्हणजे अनुपलब्धी. परंतु अनुपलब्धीवरून अभाव सिद्ध होत नाही. त्यासाठी योग्यानुपलब्धी लागते. म्हणजे, ती वस्तू तेथे असती तर या साधनाने, या परिस्थितीत ती दिसलीच असती, अशी खात्री असावी लागते. उजेडात, उघड्या जमिनीवर घडा दिसला नाही, तर घडा नाही असे म्हणता येते. अंधारात दिसला नाही, तर म्हणता येत नाही. वैशाखात वायतुरा दिसला नाही, तर वायतुरा नाही असे म्हणता येत नाही. आपण माणसांविषयी जे निकाल रोज देतो, ‘याला बुद्धी नाही,’ ‘हिला धर्माची गोडी नाही,’ ‘तो मुळातच तसला,’ त्यांपैकी किती निकालांच्या पाठीशी योग्यानुपलब्धी असते, हे ज्याचे त्याने पाहावे. ‘आहे’ असे ठामपणे म्हणण्याची सक्ती कोणावरही नाही. ‘नाही’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी उजेड होता काय, एवढे विचारले तरी पुष्कळ झाले. जात्यंधांनी हत्ती चाचपडल्याचा दृष्टांत आपण दुसऱ्यांच्या मतांना लावण्यात तत्पर असतो. माणूस पारखताना आपलाही हात हत्तीच्या एकाच अवयवावर असतो, हे मात्र विसरतो.

दुसरी शंका अधिक बिकट आहे, आणि ती आपल्याच मंडळींकडून येते. ‘ज्याचे जसे पूर्वकर्म तसा त्याचा अधिकार, एखाद्याची योग्यता प्रकट झाली नाही, याचा अर्थ त्याचा तेवढा अधिकार नव्हता.’ कर्माचा सिद्धांत मी अमान्य करतो असे कोणी समजू नये. परंतु कोणत्या जीवाचे कोणते कर्म कोठे फळास आले, हे जाणणारा एकच, आणि त्याला आपण सर्वज्ञ म्हणतो. आपण जेव्हा शेजाऱ्याच्या दैन्याचा हिशेब त्याच्या पूर्वकर्मात लावून मोकळे होतो, तेव्हा नम्रपणाचे शब्द वापरून सर्वज्ञाच्या आसनावर बसत असतो. स्वतःच्या दुःखाचे कारण कर्मात शोधणे हे वैराग्याला उपकारक होईल. दुसऱ्याच्या दुःखाचे तेथे शोधणे ही बहुधा आपली सुटका असते.

पंचकृष्णांपैकी दोन अवतारांचे स्मरण येथे सहज होते. आमच्याच जिल्ह्यातील फलटणचे श्रीचक्रपाणी प्रभू द्वारावतीत हाती खराटा घेऊन रस्ते झाडीत असत. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंना लोक वेडे समजत. ज्यांनी झाडूवाला पाहिला, वेडा पाहिला, त्यांनाही डोळे होतेच. अर्थात अवतार आणि जीव यांची गल्लत करू नये. परमेश्वर लपतो ती त्याची लीला. जीव झाकलेला असतो ते त्याचे बंधन. परंतु पाहणाऱ्याची चूक दोन्हीकडे एकच असते, आणि प्रस्तुत लेख पाहणाऱ्याविषयी आहे.

झाकलेला जीव आपला आपण उघडतो काय? आपले शास्त्र या ठिकाणी स्पष्ट आहे. जीवाची योग्यता अनादी असली, तरी ज्ञान त्याला बाहेरून मिळावे लागते. निमित्तावाचून ते होत नाही. कंदाने कितीही निश्चय केला तरी ज्येष्ठातला पाऊस तो पाडू शकत नाही. आणि पावसाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. कोणता कंद लायक, कोणते बी नालायक, हे निवडून पाऊस पडत नाही; सगळ्या कातळावर पडतो. आमच्या स्वामींनी हेच केले. त्यांनी मराठीत निरूपण केले, आणि स्त्रिया व शूद्र मानलेले लोक यांना ज्ञानाचे दार तितकेच उघडे ठेवले. महदाईसा ही बालविधवा. त्या काळी अशा स्त्रीकडून कोणाची काय अपेक्षा होती ते सांगावयास नको. लीळाचरित्र उघडून पाहावे : ती पुन्हा पुन्हा विचारते आहे, आणि प्रत्येक वेळी तिला उत्तर मिळते आहे. पुढे ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी तिच्या मुखातून धवळे निघाले आणि मराठीला आद्य कवयित्री लाभली. तिच्यात कवित्व होतेच, असे आज आपण म्हणतो. परंतु तिचा पहिलाच प्रश्न कोणी झिडकारला असता, तर ‘नव्हते’ असेही आपण तितक्याच खात्रीने म्हटले असते. किंबहुना म्हणण्याचा प्रसंगच आला नसता.

अगदी जवळचे उदाहरण घ्यावयाचे तर कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत. काम करून शिकत. पैसा संपला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही ठेवले नाही. त्या मुलांपैकी एक बॅरिस्टर होऊन पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पी. जी. पाटील यांचे ते उदाहरण भाषणांत वारंवार येते, आणि यावे. तरी मला त्यात एक उणीव जाणवते. भाऊरावांनी मुलांना जवळ केले ते त्यांत कुलगुरू दडलेला आहे हे ओळखून नव्हे. त्यांनी निवड केलीच नाही. भूक लागलेले, शाळेपासून दूर असलेले पोर, एवढी पात्रता त्यांना पुरेशी होती. जी मुले पुढे प्राथमिक शिक्षक झाली, तलाठी झाली, चार बुके शिकून शेतीवरच राहिली, त्यांच्यासाठीही तोच तांदूळ शिजला होता. एखादा मोठा झाला म्हणून बाकीच्यांवरचा खर्च सार्थ झाला, असे म्हणणे हा हिशेब वाण्याचा आहे.

आता माझ्याविषयी. १९८६ च्या सुमारास मी या तालुक्यातील एका शाळेत शिकवीत असे. डोंगरापलीकडच्या एका वाडीचा मुलगा माझ्या वर्गात होता. दीड-दोन तास चालून येई, मागच्या बाकावर बसे. पहिल्या आठवड्यात मी त्याला एक प्रश्न विचारला. तो उभा राहिला व गप्प राहिला. दुसरा प्रश्न मी त्याला वर्षभर विचारला नाही. वार्षिक परीक्षेत तो नापास झाला. त्याचे वडील भेटावयास आले, पायरीखालीच उभे राहिले. म्हणाले, “गुरुजी, तुम्ही म्हनाल तसं करतो.” मी म्हणालो, “याच्या डोक्यात काही शिरत नाही. उगाच वर्ष घालवू नका. मुंबईस धाडा, चार पैसे तरी हाती येतील.” हे मी रागाने बोललो नाही, हिताचे सांगतो आहे असेच मला वाटत होते. पंधरा दिवसांत पोरगा मुंबईस गेला. जावळीतील घरटी एक-दोन माणसे तेव्हा मुंबईत पाठीवर पोती वाहात असत. त्यांत तो मिळाला. त्या दिवशी सायंकाळी मी नेहमीप्रमाणे पारायणास बसलो होतो, हे मला चांगले आठवते.

२००९ साली गावच्या यात्रेच्या दिवसांत तो मला मेढ्याच्या एस. टी. स्थानकावर भेटला. मी ओळखले नाही; त्याने ओळखले व वाकून नमस्कार केला. नवी मुंबईच्या बाजारात माथाडी टोळीचा तो मुकादम झाला होता. टोळीतील माणसांची मजुरी तो तोंडी वाटून देतो, असे त्याच्या सोबत्याने कौतुकाने सांगितले. यावरून त्याच्या ठिकाणी गणिती दडलेला होता, असा सिद्धांत मी काढणार नाही. तो पुन्हा माझाच द्रव होईल. त्याच्यात काय होते ते मला ठाऊक नाही. ते जाणून घेण्याचा जो एक मार्ग त्या काळी माझ्या हाती होता, तो मीच बंद केला.

त्याच्याबरोबर बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. त्याला पुढे करून तो म्हणाला, “गुरुजी, तुमास्नी मानसाची पारख हाय. माजं डोकं तुमी बरोबर वळखलंत. जरा ह्येचं बगा, म्हंजे उगा खर्च नगं.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपे गेले असते. तेवीस वर्षे तो माझा निकाल खरा मानून जगला होता, आणि आता तो आपल्या मुलासाठी तसाच निकाल मागत होता. मला पारख नाही, असे मी त्याला सांगितले. तो हसला, त्याला तो माझा विनय वाटला. तुझ्या बाबतीत माझी चूक झाली, हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. पण मुलगा समोर उभा होता आणि सोबतीही ऐकत होते. मी ते गिळले. मुलाला शाळेतून काढू नकोस, कितीही वेळा नापास झाला तरी काढू नकोस, एवढे मात्र मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतले. साताऱ्याची गाडी लागली व ते घाईने निघून गेले. त्याने शब्द पाळला किंवा नाही, हे मला आजवर कळलेले नाही.